प्लेट क्रमांक एकोणीस

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
चौथ्या कप्प्यातली बाटली वाजली.
चिठ्ठीवर नाव : अनसूया हवळ. वय एक्कावन्न. वडगाव.
खाली वॉर्डातल्या सिस्टरनं कानडीत लिहिलेलं,
मला अर्धंच लागतं, पण एवढं लागलं :
थंडी, ताप, किडनी भावाची.

काचपट्टी रंगवली, भिंगाखाली धरली.
गुलाबी काड्या, विखुरलेल्या.
निम्म्या हॉस्पिटलात सापडतात त्यातलंच काहीतरी.
वॉर्डाला फोन करून तसं सांगितलं,
प्लेटवर एकोणीस लिहिलं, रेघा ओढल्या, उबेला ठेवली
आणि फ्लास्कातला गार चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी झाकण उचललं तर
वाटलं, कुणाचं तरी पेन गळलंय.
जांभळं.
जांभळाचं नव्हे, वांग्याचंही नव्हे,
शहापुरी काठ उजेडात तिरका धरल्यावर
आतून जो वर येतो, तो.
सतरा वर्षांच्या नोकरीत
पुस्तकातल्या चित्राबाहेर मी हा पहिल्यांदा बघत होते.
डॉक्टर हुक्केरी आले, न बोलता वाकले.
मग म्हणाले, मातीतलं आहे. साचल्या पाण्यातलं.
तुमच्या-आमच्या पायाला लागतही असेल,
आपलं अंग त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवतं.

हिच्या अंगाला मात्र सांगून ठेवलेलं,
दोन वर्षं, सकाळ-संध्याकाळ, गोळ्यांनी :
आलेल्याला कोण, कुठला, विचारायचं नाही.
भावाची किडनी नांदायची तर
दार असंच ठेवावं लागतं.
आणि दाराला कुठं कळतंय
भाऊ कोण ते.

मातीत जाऊ नका म्हणून बजावलं होतं.
ती शेतात गेलीच नव्हती, शेत नव्हतंच.
भावजयीला साडी द्यायची होती, इतकंच.
जिनं आपल्या नवऱ्याला त्या टेबलावर झोपू दिलं
तिला दुकानातली कशी नेसवायची?
म्हणून घरातला बंद पडलेला खड्डामाग पुसला,
खड्ड्यात पाय सोडून बसली.
तळाशी पाझराचं पाणी. टाचेला भेग.
साडेतीन हात विणून झालं आणि हुडहुडी भरली.

औषध बदललं. आधीचं त्या जांभळ्याला
ताकाइतकंही लागत नव्हतं.
यकृतात तीन गळवं. दोन दिवस तिला ओळख नाही,
भावाला मास्तर म्हणत होती.
मी तेव्हा रजेवर, खानापूरला नणंदेकडं.
कोकमाचं सार वाढलं तर
वाटी बाजूला सरकवली. का ते सांगितलं नाही.

परत आले तर तिची नवी बाटली यंत्रात.
पाच दिवस
येता-जाता मी तिच्यासमोर थांबायची,
दुधावर लक्ष ठेवल्यासारखी.
वाजली नाही.

महिन्यानं ती स्वतःच आली, रिपोर्ट न्यायला.
पायात मोजे, तोंडाला मास्क, वर पदर.
"तुम्हीच बघितला काय ओ तो?
डॉक्टर म्हणाले, रंगाचा होता म्हणून गावला.
कसला होता?"
जांभळा, म्हटलं.
"लाल अंगाचा की निळ्या?"
निळ्या.
ती गप्प. दोन बोटांत
नसलेला धागा चोळून बघितल्यासारखं केलं.
"साडीला काठ तसलाच धरलेला मी.
दाखवा की."
प्लेट केव्हाच वाफेच्या भांड्यातून निघून
पिवळ्या पिशवीतून गेली होती.
नाही राहिला, मी म्हणाले. गेला धुऊन.

"मग कच्चाच म्हणायचा," ती म्हणाली
आणि सही कुठं करायची ते विचारलं.